हात दाबून पुढे

माझा दादा पहाटे उठतो. हे अख्ख्या गल्लीला माहीत आहे, कारण त्यानेच ते सांगितलंय. आधी गजर, मग खाटेची कुरकुर, मग गुडघे टेकल्याचा आवाज, मग खाकरणं, आणि मग भिंतीपलीकडून मला स्पष्ट ऐकू येईल एवढ्या आवाजात देवाशी खासगी बोलणं. मी त्याची धाकटी बहीण. लग्न केलं नाही, त्यामुळे त्या भिंतीच्या अलीकडची खोली माझी. माझी पन्नाशी उलटली तरी तो मला 'छोटे' म्हणतो आणि माझ्या आळसासाठी रोज प्रार्थना करतो, तीही मला जाग येईल अशा बेताने.

माणसं निवृत्त झाली की कुंड्यांना पाणी घालतात, नाहीतर बायकोच्या स्वयंपाकात नाक खुपसतात. दादा पोस्टातून निवृत्त झाला आणि त्याला शिस्त लागली. फ्रिजच्या दारावर वेळापत्रक चिकटलं. प्रार्थना, बायबलचं वचन, थंड पाण्याची अंघोळ, चालणं, मनन. मनन म्हणजे खिडकीतल्या खुर्चीत डोळे मिटून बसणं. हनुवटी छातीवर टेकली की मनन खोल गेलं असं समजायचं. पहाटेची प्रार्थनाही फार वेळ टिकत नाही, हे मला भिंतीमुळे माहीत. खासगी बोलणं हळूहळू मंदावतं, आणि मग गुडघ्यांवरच, कपाळ गादीला टेकवून, माझा दादा घोरतो.

घरापुरती शिस्त त्याला पुरेना, म्हणून त्याने 'ध्येय मंडळ' काढलं. दर बुधवारी संध्याकाळी आमच्याच बैठकीच्या खोलीत. ख्रिस्ती माणसाने दिशाहीन जगू नये, प्रत्येकाला एक ध्येय हवं आणि ते एका वाक्यात सांगता यायला हवं, असं त्याचं म्हणणं. सगळ्यांना त्याने पुठ्ठ्याचे तुकडे वाटले. स्वतःचं वाक्य सगळ्यांत मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'दुसऱ्यांचं ओझं प्रभूपुढे नेणे.' मी लिहिलं, 'उद्यापर्यंत टिकणे.' ते त्याने केराच्या टोपलीत टाकलं. वहिनीने, म्हणजे त्याच्या बायकोने, फार विचार केला आणि लिहिलं, 'सरळ कापणे.'

"यात प्रभू कुठे आहे?" दादाने विचारलं.

"कापडात असेल की," वहिनी म्हणाली.

ती विनोद करत नव्हती. ती आणि मी एकाच कारखान्यात पडदे शिवतो. मोठमोठ्या खिडक्यांचे, सभागृहांचे, जमिनीपर्यंत लोळणारे पडदे. मी चुण्या घालते आणि तळाच्या दुमडीत वजनं शिवते, पडदा सरळ पडावा म्हणून. वहिनी मशीनवर. पण तिचा जीव कापायच्या टेबलावर. आमच्याकडे त्याला नुसतं 'टेबल' म्हणतात. कापडाचा अख्खा ताका त्यावर पसरायचा, नक्षी नक्षीला जुळवायची आणि कात्री घालायची. शिवण उसवता येते, कापलेलं जोडता येत नाही. वहिनीला धागा बघून कापता येतं, खडूची रेघसुद्धा लागत नाही. टेबलावरची म्हातारी बाई काम सोडणार होती आणि मालकीणबाईंनी वहिनीला शब्द दिला होता, पुढच्या महिन्यात टेबल तुझं. वहिनी त्या टेबलाशेजारून जाताना पाण्याचा पेलासुद्धा दूर धरून जायची.

दादाने तिचं वाक्य खोडलं आणि स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 'पतीच्या सेवाकार्याला हातभार लावणे.' वहिनीने तो पुठ्ठा मुकाट्याने फ्रिजवर लावला. जरा तिरका लावला, एवढंच.

आता मंडळाची पद्धत सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यामुळेच घडलं. खुर्च्या गोल मांडायच्या. सगळ्यांनी डोळे मिटून एकमेकांचे हात धरायचे. दादाच्या डावीकडून सुरुवात, एकेकाने मोठ्याने प्रार्थना करायची. ज्याला करायची नसेल त्याने शेजारच्याचा हात दाबायचा, की पाळी पुढे गेली. डोळे उघडायचे नाहीत, आणि कोणी प्रार्थना करत असेल तर मध्ये बोलायचं नाही. छप्पर कोसळलं तरी नाही. डावीकडे आमचा औषधवाला बसतो, चौकातल्या दुकानाचा, ज्याच्या प्रार्थनेत नेहमी कुणाचीतरी मूळव्याध असते. मग त्याची बायको. समोर मालकीणबाई. आमच्याच चर्चच्या मंडळीतल्या त्या, दादाने फार आर्जवं करून त्यांना मंडळात आणलेलं. मग आणखी दोघं-तिघं, जे बिस्किटांसाठी येतात. मग वहिनी, मग मी, आणि शेवटी दादा, कारण शेवटची प्रार्थना पुढाऱ्याची. वहिनी दर बुधवारी माझा हात दाबायची. मी दर बुधवारी दादाचा दाबायचे. मग दादा सुरू व्हायचा आणि चहा गार व्हायचा.

लोक त्याला विनंत्या सांगायचे, हा त्याचा अभिमान. बिचारे विश्वासाने सांगायचे. दादाच्या तोंडात तीळ भिजत नाही हे कळायला त्यांना एक बुधवार पुरायचा. कुणाच्या मुलाचं लग्न मोडायच्या बेतात आहे, कुणाचा भाऊ पितो, सगळं प्रभूपुढे जायचं, पण आमच्या बैठकीच्या खोलीतून. प्रभूकडे पोचेपर्यंत ते औषधाच्या दुकानातही पोचलेलं असायचं.

एकदा कारखान्यात दोऱ्यांच्या खोलीत वहिनीने मला ओढलं आणि दार लोटून घेतलं. "गाठ लागतेय," ती म्हणाली. "डाव्या बाजूला." तिचा आवाज नेहमीसारखा होता. तपासणीला जाऊन आली होती, तुकडा काढून पाठवला होता, रिपोर्ट यायचा होता.

"दादाला सांगितलंस?"

"आज सांगणार. नवऱ्याला नाही सांगायचं तर कुणाला सांगायचं? पण बाहेर कुणालाच नको, ताई. टेबलाचं ठरेपर्यंत तरी नको. आजारी बाईच्या हातात कोण कात्री देईल?"

तिने त्याला संध्याकाळी खोलीत सांगितलं. भिंतीमुळे मला तेही ऐकू आलं. ती म्हणाली, "अहो, हे आपल्या दोघांत." आणि दादा रडला. खोटं कशाला बोलू, रडला. "माझ्या पोटात राहील," म्हणाला.

त्याच्या पोटात ते बुधवारपर्यंत राहिलं.

बुधवारी मी त्याचा हात दाबला आणि तो सुरू झाला. आधी जगाची शांती, मग औषधवाल्याची मूळव्याध, मग आवाज कापरा झाला. "हे कृपाळू पित्या, तुझी दासी, माझी पत्नी, तिच्या डाव्या स्तनात गाठ आहे, काखेच्या बाजूला, हे तू जाणतोस." देव जाणतो तर सांगतोस कशाला? पण पोस्टातली सवय, पत्ता पूर्ण दिल्याशिवाय चैन पडायचं नाही. माझ्या उजव्या हातात वहिनीचा हात होता. तो एकदम लाकूड झाला. मला ओरडायचं होतं, पण प्रार्थना चालू होती, आणि माझ्यासारखी तोंडाळ बाईसुद्धा त्या नियमापुढे मूग गिळून बसली. ते अजून मला सलतं. आमेन झालं, डोळे उघडले. सगळ्यांच्या नजरा जिथे जायच्या तिथे गेल्या आणि मग घाईघाईने बिस्किटांकडे वळल्या. मालकीणबाईंनी वहिनीच्या खांद्यावर हात ठेवला. "अगं, बोलली नाहीस?"

दुसऱ्या दिवशी कारखान्यात त्यांनी तिला बोलावून घेतलं. "आधी तब्येत. टेबल काय पळून जातंय? तोवर अस्तरवालीला देते." अस्तरवाली म्हणजे अस्तरं शिवणारी एक बाई. हात मोठा, नजर थोडी. तिने पहिल्याच दिवशी पक्ष्यांची नक्षी असलेला ताका उलटा पसरून कापला. एका बड्या घरच्या जेवणाच्या खोलीत आता सगळे पक्षी पाय वर करून उडताहेत. वहिनी मशीनवर बसून ते कापड शिवत होती. शिवण नेहमीसारखी सरळ होती.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. घरी आले आणि दादाला खिडकीतल्या मननातून उठवलं.

"कुणाला सांगू नका म्हणाली होती ना ती?"

"मी कुणाला सांगितलं?" तो खरोखर गोंधळला. "मी देवाला सांगितलं."

"मोठ्याने?"

"छोटे, प्रार्थनेला तू चहाडी म्हणतेस? सगळ्यांनी मिळून मागितलं की बळ वाढतं. प्रभूच्या योजनेत टेबल नसेल तर नसेल."

"आयुष्यभर लोकांची बंद पाकिटं न फोडता पोचवलीस. घरचं एक पाकीट सांभाळता आलं नाही तुला?"

तो माझ्यासाठी प्रार्थना करेन म्हणाला. मी म्हटलं, मनात कर.

मग त्याने उपास धरला. म्हणजे आधी मंडळात जाहीर केला आणि मग धरला. रिपोर्ट येईपर्यंत दर बुधवारी अन्नाला शिवणार नाही. तो उपाशी म्हणून घरात कोणी काही परतायचं नाही, वासाने त्याला मोह होतो. तो उपाशी म्हणून दार हळू लावायचं. औषधवाला येता-जाता त्याला बघून डोळे पुसायचा आणि दादा खांदे पाडून म्हणायचा, "तिच्यासाठी एवढं तर करायलाच हवं." ती म्हणजे वहिनी. ती आत धुणं वाळत घालत असायची. हातभार लावायचं याच्या डोक्यात कधी आलं नाही, ते वाक्य तिच्या पुठ्ठ्यावर होतं.

"रिपोर्ट?" मी रोज विचारायचे.

"येईल," वहिनी म्हणायची.

मी म्हटलं बस झालं. आता माझी प्रार्थना. कारखान्यात वजनं शिवता शिवता मी ती पाठ केली. 'हे प्रभू, माझ्या भावाला क्षमा कर, तो तुझ्यापुढे गुडघे टेकतो आणि घोरतो. हे प्रभू, त्याचं मनन म्हणजे डुलकी आहे, हे तू जाणतोस, आता मंडळालाही जाणू दे.' नियम नियमच. मी बोलत असताना तो मध्ये तोंड उघडू शकत नव्हता. औषधवाल्याच्या बायकोच्या कानात हे पडलं की पुढचं काम ती करणार होती. चुकून हसू यायचं मला, अस्तरवाली विचारायची काय झालं म्हणून.

बुधवार आला. दादा उपासाने चेहरा लांब करून बसला. खुर्च्या, डोळे, हात. पाळी फिरत आली. औषधवाला मूळव्याध, त्याची बायको सून. मालकीणबाईंनी धंद्यासाठी मागितलं आणि पक्ष्यांच्या पडद्याचं नाव न घेता शहाणपण मागितलं. बिस्किटवाल्यांनी हात दाबले. मी मनात शब्द जुळवून तयार, वहिनीने दाबायची वाट बघत.

हात दाबला गेला नाही.

"देवा," वहिनी म्हणाली. खोलीत कुणीतरी श्वास घेतलेला ऐकू आला. "मला मोठ्याने बोलायची सवय नाही. थोडक्यात सांगते. रिपोर्ट आला. गाठ साधी निघाली. डॉक्टर म्हणाले, काही करायला नको. येऊन दोन आठवडे झाले. तुझे आभार मी त्याच दिवशी मानलेत, दवाखान्याच्या जिन्यात बसून. तुला आठवत असेल."

माझे डोळे आपोआप उघडले. नियम मोडला, मोडू दे. ती डोळे मिटून ताठ बसली होती, मशीनवर बसते तशी.

"यांना सांगितलं नाही. मी खोलीत सांगते ते मला इथे ऐकावं लागतं, म्हणून म्हटलं यांनीही इथेच ऐकावं. ताईलाही सांगितलं नाही. तिच्या पोटात माझ्यासाठी माया आहे, पण राग त्याच्या वर आहे. संध्याकाळच्या आत तिने ते यांच्या तोंडावर फेकलं असतं."

खरं होतं. चहासुद्धा होऊ दिला नसता मी. तरी मला लागलं.

"हे उपाशी राहिले त्याचं वाईट वाटलं. पहिल्या बुधवारी फार वाटलं. हातातलं काम टाकून सांगायला निघाले होते. मग म्हटलं, सांगितलं तर तीही मंडळात सांगायची साक्ष होईल, यांच्या उपासाने गाठ विरघळली म्हणून. ती विरघळली नाही देवा, ती साधीच होती. हेच म्हणतात ना, जिभेला शिस्त हवी. दोन आठवडे लावली. सोपं नाही. एका घरात, एका खाटेवर, फार जड जातं."

तिचा आवाज इथे पहिल्यांदा हलला.

"टेबल मला हवं आहे. ते मी तुझ्याकडे मागत नाही, ते बाईंच्या हातात आहे आणि त्या इथेच बसल्यात. द्यायचं नसेल तर त्यांनी मला तोंडावर सांगावं. तब्येतीचं नाव घेऊ नये. माझं ध्येय सरळ कापणे हेच आहे. ते कुणी बदलू नये. आमेन."

आमेन ऐकलं की आमेन म्हणायचं, ही मंडळाची सवय. सगळे म्हणाले. मालकीणबाईही म्हणाल्या. म्हणून झाल्यावर सगळ्यांना कळलं आपण कशाला आमेन म्हटलं ते.

आणि मग वहिनीने माझा हात दाबला.

आठवडाभर घोटलेली माझी प्रार्थना जिभेवर होती. मी दादाकडे बघितलं. त्याचे डोळे मिटलेलेच होते, ओठ घट्ट, आणि गालांवरून पाणी वाहत होतं. त्याचं रडणं मला पाठ आहे. साक्षीतलं वेगळं, अंत्यविधीतलं वेगळं. हे यातलं कुठलंच नव्हतं. उपाशीपोटाचंही नव्हतं, एवढं मलाही कळतं. घोरण्याचं काय सांगायचं आता? मी त्याचा हात दाबला.

सगळे थांबले. शेवटची प्रार्थना पुढाऱ्याची. घड्याळ वाजत होतं, आत किटलीचं झाकण हलत होतं. दादाने तोंड उघडलं, मिटलं. आणि औषधवाला एकदम दचकला, कारण दादाने त्याचा हात दाबला होता. दादाने पाळी पुढे ढकलली, आयुष्यात पहिल्यांदा. औषधवाल्याला काय करावं कळेना, त्याने बायकोचा दाबला. बायकोने पुढचा. एरवी एकेकाची बोलायची हौस फिटत नाही, पण त्या दिवशी कुणाची हिंमत होईना. दाब गोल फिरून पुन्हा वहिनीकडे आला, वहिनीकडून माझ्याकडे, आणि मी पुन्हा दादाकडे दिला. तेव्हा तो नुसतं "आमेन" म्हणाला. त्याच्या आधी काहीच नाही.

बिस्किटं त्या बुधवारी उरली. मालकीणबाई दारात चपला घालत रेंगाळल्या. "अगं, मला ते प्रार्थनेत कळलं, म्हणून मी..."

"हेही प्रार्थनेतच कळलं," वहिनी म्हणाली.

बाईंनी चपलेत पाय नीट बसवला. "त्या बयेने पक्षी उलटे टांगलेत. सोमवारपासून ये टेबलावर."

"उद्यापासून येते," वहिनी म्हणाली.

रात्री जेवायला बसलो. दादाने उपास सोडला की नाही हे त्याने जाहीर केलं नाही. मला वाटलं, दोन दिवसांचं नाटक. पुढच्या बुधवारी यावरच साक्ष होणार, प्रभूने मला कसं नम्र केलं म्हणून, आणि औषधवाला डोळे पुसणार. माझ्या भावाला मी ओळखते.

पहाटे गजर झाला. खाट कुरकुरली, गुडघे टेकले, खाकरणं झालं. मग काहीच नाही. मी घोरण्याची वाट बघितली. तेही नाही. बऱ्याच वेळाने तो उठून स्वयंपाकघरात गेला. वहिनी डबा भरत होती, पहिल्या दिवशी टेबलावर लवकर जायचं म्हणून. मी उठून दाराआड उभी राहिले. भिंतीची सवय, दुसरं काय.

"तू बरी आहेस," दादा म्हणाला, "हे मी मंडळात सांगू का?"

"नको."

तो तिथेच उभा राहिला. अशी साक्ष, गाठीची, उपासाची, त्याच्या अहंकाराच्या पाडावाची, त्याला जन्मात पुन्हा मिळणार नव्हती. हे त्याला कळत होतं. त्याचं तोंड दोनदा उघडलेलं मी फटीतून बघितलं.

"बरं," तो म्हणाला. आणि फ्रिजवरचा तिचा तिरका पुठ्ठा काढून, मागची कोरी बाजू वर करून, पेनासकट तिच्यापुढे ठेवला.